वादी रमचे पाहुणे

जॉर्डनच्या दक्षिण टोकाला, अकाबा बंदरापासून सुमारे 60 किलोमीटरवर, जबल रमचे तांबूस कडे वाळूतून सरळ वर उठतात. डोंगराची उंची 1,700 मीटरहून अधिक. पाहावं तिकडे कोरडी वाळू आणि दगड. पण याच डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगावर, पायथ्यापासून बरंच वर, झुडपांचा आणि नेच्यांचा हिरवा पट्टा दिसतो. तिथे झरे आहेत. वरचा दगड वालुकाश्म, खालचा ग्रॅनाइट. हिवाळ्यातला तुटपुंजा पाऊस वालुकाश्मात मुरतो, ग्रॅनाइटपाशी येऊन अडतो आणि या दोन दगडांच्या सांध्यातून पाझरत बाहेर पडतो.

या डोंगराच्या पायथ्याचं खोरं म्हणजे वादी रम. तिथे माणसं कुठे राहिली, देऊळ कुठे उभं राहिलं, उंटांचे तांडे कुठे थांबले, हे या सांध्याने ठरवलं. वाळवंटात वाटा पुष्कळ असतात, पाणवठे मोजके. तहानलेला माणूस कुठल्याही दिशेने आला तरी त्याला शेवटी पाण्याशी यावं लागतं आणि तिथे आधीपासून कुणीतरी असतं. त्याने या आलेल्याशी कसं वागायचं, हा इथला फार जुना प्रश्न. आज जगभरातले प्रवासी बेदुइनांच्या, म्हणजे इथल्या भटक्या अरब पशुपालकांच्या, तंबूत एखादी रात्र काढतात आणि त्यांच्या आतिथ्याचं तोंडभरून कौतुक करतात. कौतुक रास्तच आहे. मात्र ते आतिथ्य म्हणजे नुसता मनाचा मोठेपणा, असं मानलं की त्यामागचा कायदा, त्याचा खर्च आणि त्यातलं शहाणपण नजरेआड होतं.

या खोऱ्यातल्या दगडांवर सुमारे 25,000 चित्रं आणि 20,000 लेख कोरलेले आहेत. माणसाच्या वावराच्या खुणा 12,000 वर्षं मागे जातात. चित्रांत उंट आहेत, लांब शिंगांचे रानबकरे आहेत, धनुष्य ताणलेले शिकारी आहेत. लेख बहुतेक दोन-चार शब्दांचे. अभ्यासक ज्यांना 'थमुदी' म्हणत आले त्या लिप्यांमध्ये कुणी स्वतःचं नाव कोरलं, कुणी त्यापुढे बापाचं आणि आजोबाचं नाव जोडलं, कुणी उंटाचं चित्र काढून ते आपण काढल्याचं शेजारी नोंदवलं. कोरणारे राजे किंवा त्यांचे कारकून नव्हते. मेंढपाळ होते, उंटवाले होते, वाटसरू होते. भटक्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हा आपला पक्का समज वादी रममध्ये दगडोदगडी खोटा ठरतो.

पाण्याचं आणि परक्याचं नातं सर्वांत नेमकं सांगून ठेवलं ते सिसिलीच्या डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने. तो इ.स.पू. पहिल्या शतकातला, पण त्याने दिलेली नबाती अरबांची हकीकत इ.स.पू. 312 च्या एका स्वारीची आहे आणि ती त्या काळच्या माणसाच्या लिखाणावर आधारलेली आहे. नबाती धान्य पेरत नाहीत, फळझाडं लावत नाहीत, घरं बांधत नाहीत, दारूला शिवत नाहीत, असं तो नोंदवतो. ते जमिनीत पाण्याची टाकी खोदतात. तोंड अगदी अरुंद, पोट ऐसपैस. आणि वरून ती अशी बुजवतात की खूण फक्त त्यांनाच कळावी. शत्रूची फौज पाठीवर आली की नबाती वाळवंटात शिरत आणि पाणी न सापडल्याने फौज मागे फिरे. यातून शत्रू आणि पाहुणा यांच्यातला फरक लख्ख होतो. पाणी ज्याच्यापासून लपवायचं तो शत्रू. ज्याला हाताला धरून पाण्याशी न्यायचं तो पाहुणा.

हेच नबाती पुढे धूप, ऊद आणि मसाल्यांच्या व्यापारावर श्रीमंत झाले, पेट्रासारखं नगर त्यांनी डोंगरात कोरलं आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास जबल रमच्या पायथ्याशी अल्लात या देवीचं मंदिर बांधलं. आईन शलाला नावाच्या झऱ्याचं पाणी त्यांनी दगडी पन्हळीतून खाली आणलं. झऱ्याजवळच्या कड्यात देवतांचे कोनाडे आणि भाविकांची नावं अजून दिसतात. इथे मराठी वाचकाला ओळखीची एक खूण सापडते. त्याच पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतला समुद्रप्रवासाचा ग्रंथ तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून पेट्राकडे, नबातींच्या मलिखस राजाकडे जाणारी वाट सांगतो आणि पुढे त्याच पुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात. पैठणच्या बाजारातला माल वादी रमच्या झऱ्यावरून गेला असं म्हणायला पुरावा नाही. पण सातवाहनांची पेठ आणि नबातींची वाट या एकाच व्यापारी जगाच्या दोन बाजू होत्या, हे त्या छोट्या ग्रंथावरून स्पष्ट दिसतं.

इ.स. 106 मध्ये रोमने नबाती राज्य गिळलं. व्यापाराच्या वाटा हळूहळू सरकल्या, मंदिर पडलं. झरे तेवढे चालू राहिले आणि त्यांच्या आसऱ्याने उंट-शेळ्या पाळणाऱ्या जमातीही राहिल्या.

राज्यकर्त्यांची सत्ता वाळवंटात नेहमीच पातळ असे. दमास्कसहून मक्केला जाणारी हज यात्रा या खोऱ्याच्या पूर्वेकडून, मआनमार्गे जाई. ती सुखरूप जावी म्हणून ऑटोमन सरकार वाटेवरच्या जमातींना दरवर्षी ठरावीक रक्कम पोचवत असे. ती थकली की काय होई, याचं सर्वांत भीषण उदाहरण 1757 चं. त्या वर्षी बनी सख्र जमातीने परतीच्या यात्रेवर हल्ला चढवला. हजारो यात्रेकरू मेले; कुणी तलवारीने, बहुतेक तहानेने. बेदुइन आतिथ्याबद्दल लिहिताना ही घटना वगळणं योग्य नाही. मोबदला न देता आपल्या मुलखातून जाणारी यात्रा लुटणारा समाज, तंबूत शिरलेल्या एकट्या माणसासाठी स्वतःचा जीव धोक्यात घाले. या दोन वागण्यांत विसंगती दिसते, पण दोन्ही एकाच नियमातून येतात. वाळवंटात तुमचं रक्षण करणारं सरकार नसतं; तुम्हाला कुणाचा तरी शब्द लागतो. तो यात्रेला पैसे देऊन घ्यावा लागे आणि वाटसरूला तंबूच्या दाराशी आपोआप मिळे.

त्या शब्दाची कलमं ठरलेली होती. पाहुण्याला पहिले तीन दिवस तू कोण, कुठून आलास, काय कामाने आलास, हे विचारायचं नाही. आतिथ्याची मुदत तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस. खाल्लेलं अन्न तेवढा वेळ अंगात राहतं, असं मानत. म्हणून निरोप घेतल्यावरही काही काळ यजमानाचं संरक्षण पाहुण्याबरोबर चाले. वाटेत त्याला कुणी हात लावला तर तो घाव यजमानाच्या चेहऱ्यावर पडला असं समजत, आणि पंचापुढे त्याचा दंड साध्या मारहाणीच्या कितीतरी पट बसे. पाठलागावर असलेला माणूस तंबूत शिरून आश्रय मागू शके. तंबूचा खांब किंवा दोर हाती धरला की तो त्या घरचा. मग मागून येणारे यजमानाचेच भाऊबंद असले तरी त्यांना थांबावं लागे.

या व्यवस्थेत यजमानाला काय मिळे? जॉर्डन आणि आसपासच्या अरब मुलखात एक म्हण आहे: पाहुणा येतो तेव्हा राजपुत्र, बसतो तेव्हा कैदी, उठतो तेव्हा कवी. येताना त्याचा मान मोठा. बसला की तो यजमानाच्या ताब्यात; काय खायचं, कधी निघायचं, हे त्याच्या हातात नाही. निघाला की मात्र सूत्रं पुन्हा त्याच्याकडे जातात, कारण पुढच्या पाणवठ्यावर तो या घराविषयी काय बोलेल यावर घराची अब्रू ठरते. आणि वाळवंटात अब्रू हीच ठेव. कोणत्या वर्षी कुणाच्या कुरणावर पाऊस पडेल याचा नेम नाही. आज माझ्या शेळ्या धष्टपुष्ट आहेत, पुढच्या वर्षी मीच तुझ्या तंबूच्या दाराशी उभा असेन. मराठी वाचकांना गोष्टींतून आणि सिनेमांतून माहीत असलेला हातिमताई हा खरा माणूस होता. इसवी सनाच्या सहाव्या शतकात उत्तर अरबस्तानात तय जमातीत तो होऊन गेला. स्वतः कवी होता, पण लक्षात राहिला तो दानशूरपणामुळे. दारी आलेल्यांना वाढायला काहीच नव्हतं म्हणून त्याने आपला लाडका घोडा कापला आणि ते पाहुणे तोच घोडा मागायला आले होते हे त्याला नंतर कळलं, ही त्याची दंतकथा. आतिथ्य पेलताना घर मोडू शकतं, हे त्या समाजाला चांगलं ठाऊक होतं, असंच ती कथा सांगते.

आणि घर म्हणजे अर्थातच घरातल्या बाया. बेदुइनांचा काळा तंबू शेळीच्या केसांचा. केस कातणं, त्यांचं सूत काढणं, जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर लांब पट्टे विणणं, ते एकमेकांना शिवणं, सगळं काम बायकांचं. तंबू उभारायचा आणि मोडायचाही त्यांनीच. पाऊस पडला की केसांचे धागे फुगतात आणि वीण घट्ट होते. ऊन पडलं की सैल होऊन वारा आत येऊ देते. तंबू एकदम नवा होत नसे. दरवर्षी कातलेल्या केसांतून नवा पट्टा जोडायचा आणि विरलेला काढून टाकायचा, त्यामुळे एकाच छपरात वेगवेगळ्या वर्षांची वीण असे. मध्ये विणलेला पडदा. एका बाजूला पुरुषांची बैठक आणि पाहुणे, दुसऱ्या बाजूला चूल, धान्य, मुलं, बायका. पाहुण्याला दिसतो तो बैठकीतला यजमान. त्याच्यापुढे आलेली भाकरी आणि तूप पडद्यापलीकडच्या हातांचं असतं. पुरुष घरी नसेल तर आलेल्याला बसवून खाऊ-पिऊ घालणं हे घरातल्या बाईचं कर्तव्य, आणि ते तिने केलं नाही तर नाव घराचं जाई. प्रवासवर्णनांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. ते लिहिणारे पुरुष पडद्याच्या अलीकडे बसले होते.

कॉफीचंही थोडं सविस्तर सांगायला हवं. आलेल्याच्या देखत हिरवे दाणे लांब दांड्याच्या लोखंडी पळीत भाजायचे, लाकडी उखळात कुटायचे, वेलदोडा घालून चोचीच्या भांड्यात उकळायचे. कुटण्याला ठेका असतो, आणि तो ऐकून शेजारच्या तंबूंतल्यांना कळतं की या घरी कुणी आलं आहे. कान नसलेल्या लहान पेल्यात तळाशी जेमतेम घोटभर कॉफी. पहिला पेला पाहुणा म्हणून, दुसरा आनंदासाठी, तिसरा तलवारीसाठी, अशी गणती सांगतात. तिसरा घेतला म्हणजे संकटात या घराच्या बाजूने उभं राहण्याचं मान्य केलं. पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा. हे सगळं पाहिलं की वाटतं, नबातींच्या काळापासून असंच चालत आलं असावं. तसं ते नाही. कॉफी येमेनमधून वर सरकली ती पंधराव्या-सोळाव्या शतकात. 1511 साली मक्केत ती प्यावी की नाही यावर धर्मशास्त्र्यांत वाद झाला, इतकी ती नवी होती. वेलदोडा मलबारचा. साखरेचा गोड चहा तर त्याच्याही नंतरचा. मन्सफ या मांस-भाताच्या पक्वान्नातला भातही मागाहून आला. तांदूळ वाळवंटात पिकत नाही, जुनं ताट भाकरी, मांस आणि तुपाचं. कॉफीच्या आधी पाहुण्यापुढे दूध आणि खजूर येत असणार. पदार्थ व्यापाराबरोबर बदलत गेले. बदलला नाही तो क्रम: आधी पेला, मग जेवण, आणि कामाचं बोलणं सगळ्यात शेवटी.

मन्सफ आता जॉर्डनचं राष्ट्रीय अन्न आहे. मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचं दही मीठ घालून वाळवतात, त्याचे दगडासारखे कडक गोळे होतात, त्यांना जमीद म्हणतात. ते पाण्यात विरघळवून त्या आंबट रश्शात मांस शिजवायचं, पातळ भाकरीवर भात आणि भातावर मांस रचायचं आणि एकाच मोठ्या परातीभोवती उभं राहून उजव्या हाताने खायचं. 2022 मध्ये युनेस्कोने मन्सफचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. जमीद हा खरा वाळवंटाचा शोध. वसंतात दूध उतू जातं आणि उन्हाळ्यात आटतं. अवेळी आलेल्या पाहुण्यासाठीसुद्धा दूध राखून ठेवायची ही युक्ती.

एकोणिसाव्या शतकात हे जग कागदावर उतरू लागलं. योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी शेख इब्राहिम या नावाने फिरत 1812 मध्ये पेट्राला पोचला. हारून पैगंबरांच्या कबरीपाशी बकरा कापण्याचा नवस आहे असं सांगून त्याने वाटाड्याला तयार केलं होतं. बेदुइनांचे रीतिरिवाज आणि न्याय यांवरची त्याची टिपणं तो 1817 मध्ये वारल्यानंतर 1830 साली छापली गेली आणि अजून वाचावीत अशी आहेत. चार्ल्स डाउटी या इंग्रजाने 1876 मध्ये दमास्कसहून हज यात्रेबरोबर प्रस्थान ठेवलं आणि पुढची जवळपास दोन वर्षं अरबस्तानात काढली. आपण ख्रिस्ती आहोत हे त्याने लपवलं नाही. जिवावरचे प्रसंग अनेक आले. तो त्यांतून वाचला त्याचं मोठं कारण म्हणजे कुणा ना कुणा घरी खाल्लेलं मीठ-भाकर.

1908 मध्ये दमास्कस ते मदिना हिजाझ रेल्वे सुरू झाली. यात्रेकरू गाडीने जाऊ लागले, उंट भाड्याने देण्याचा जमातींचा धंदा बसला, वाटखर्चाची रक्कमही आटली. पहिल्या महायुद्धात ऑटोमनांविरुद्ध अरब बंड पेटलं तेव्हा या रागाचा त्यात मोठा वाटा होता. होवैतात जमातीचा शेख औदा अबू तायी याच्या माणसांनी 6 जुलै 1917 रोजी अकाबा घेतलं. मोहिमेबरोबर टी. ई. लॉरेन्स हा ब्रिटिश अधिकारी होता. सप्टेंबरात रेल्वेवरच्या हल्ल्यासाठी जाताना तो वादी रममध्ये उतरला आणि आईन शलालाच्या पाण्यात नाहला. त्याच्या पुस्तकाने या खोऱ्याला जगभर नाव दिलं. मात्र होवैतातांकडे मुक्काम असताना रोज दोनदा समोर येणाऱ्या भात-मांसाच्या परातींचं त्याने केलेलं वर्णन आपल्या विषयाला जास्त जवळचं. एका घराने एकदा खाऊ घातलं की दुसरं मागे राहू शकत नव्हतं. त्या ऑक्टोबरात यार्मुक नदीवरचा रेल्वेपूल उडवायला निघालेल्या तुकडीत जमादार हसन शाह यांच्या हाताखालचे भारतीय मशीनगनवाले होते. तेही अकाब्याहून वादी रममार्गेच गेले. पूल उडाला नाही. लॉरेन्सवरच्या चित्रपटांत आणि पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांत या भारतीय शिपायांना अजून जागा मिळालेली नाही, ती मिळायला हवी.

युद्धानंतर नकाशावर रेघा आल्या. उत्तर-दक्षिण मोकळं चरणारं जित्राब आता ट्रान्सजॉर्डन (आजचा जॉर्डन) आणि मध्य अरबस्तानातलं नज्द यांच्या हद्दीत विभागलं गेलं. 1930 मध्ये जॉन ग्लब हा ब्रिटिश अधिकारी आला आणि त्याने वाळवंटी गस्तीचं पथक उभारलं. एकमेकांच्या उंटांवर धाडी घालणाऱ्या जमातींमधलीच माणसं त्याने पगारावर घेतली. काही वर्षांतच धाडी थांबल्या. रममध्ये या पथकाचा किल्ला उभा राहिला. लांब खाकी अंगरखा, छातीवर आडवा पट्टा, डोक्याला लाल-पांढरा रुमाल, हा त्यांचा वेश आजही दिसतो. पगार, बंदूक आणि गणवेश देणारं सरकार आल्यावर माणसाला प्रवासात कुणाच्या शब्दाची गरज उरली नाही. 1976 मध्ये जॉर्डनने जमातींचे स्वतंत्र कायदे रद्द केले. खून-मारामारीत वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून तडजोड घडवणं चालू राहिलं, पण पाहुण्याच्या संरक्षणामागचा दंडाचा भाग कागदावरून गेला. तरी पेला आणि परात राहिली. नियमामागची सक्ती संपल्यावरही लोकांनी तो पाळला, आणि इथून पुढे त्याला मनाचा मोठेपणा म्हणणं जास्त बरोबर ठरतं.

1950 च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षं मोठा दुष्काळ पडला आणि उंट-शेळ्यांवर जगणं कठीण झालं. बरीच घरं गस्तीच्या नोकरीत, सैन्यात, अकाब्याच्या बंदरात गेली; किल्ल्याभोवती रम गाव आकाराला आलं, शाळा आली. याच सुमारास, 1961 मध्ये, दिग्दर्शक डेव्हिड लीन 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या चित्रीकरणासाठी इथे पोचला. पुढल्या वर्षी प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाने हे तांबडे कडे जगाच्या डोळ्यांत बसवले.

चित्रपट पाहून आलेल्यांत गिर्यारोहक होते. 1984 मध्ये टोनी हॉवर्ड, डाय टेलर आणि त्यांचे सोबती कड्यांवर नव्या वाटा शोधायला आले, तेव्हा गावातल्या शिकाऱ्यांनी त्यांना आपल्या जुन्या वाटा दाखवल्या. रानबकऱ्यांच्या मागे अनवाणी किंवा साध्या चपलांनी, दोराशिवाय, हे लोक पिढ्यान् पिढ्या त्या कड्यांवर चढत आले होते. अवघड जागी एखादा दगड रचून पायरी केलेली, फांदी अडकवलेली. काही वाटांवर थमुदी लेख सापडले, म्हणजे त्या निदान दोन हजार वर्षं वापरात होत्या. त्याआधी, विसाव्या शतकाच्या मध्यावर, जबल रमच्या माथ्यावर पोचलेल्या पहिल्या युरोपीय चढाईत दोघी स्त्रिया होत्या, आणि त्यांना वर नेणारा होता तिथला शेख हमदान. हॉवर्डचं पुस्तक 1987 मध्ये निघालं. त्यात बेदुइनांच्या वाटा त्यांच्या नावाने नोंदवल्या आहेत, ही त्याची सचोटी. गिर्यारोहणाच्या इतिहासात असा न्याय स्थानिकांना फारसा मिळालेला नाही.

यानंतर पाहुण्यांचा ओघ वाढला आणि आतिथ्याला दर लागला. जीपची फेरी, उंटाची सफर, रात्रीचा मुक्काम, जमिनीत पुरलेल्या भट्टीतलं मांस. हे अधःपतन आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं पटत नाही. तीन दिवसांचं फुकट आतिथ्य उभं होतं ते परतफेडीच्या भरवशावर: आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पॅरिस किंवा पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या दारी रमचा शेळीवाला कधी जाणार? परतफेडीची वाट नसेल तर पैसे घेणं हाच प्रामाणिक व्यवहार. आणि रमचं वेगळेपण असं की तो व्यवहार बराच काळ तिथल्याच झलाबिया, झुवैदा अशा घराण्यांच्या हाती राहिला. पेट्राच्या गुहांत राहणाऱ्या ब्दूल लोकांना 1980 च्या दशकात बाहेर हलवून नव्या वसाहतीत बसवण्यात आलं. रमच्या लोकांचं गाव खोऱ्याच्या आतच राहिलं.

खरा धोका दराहून वेगळा आहे. 1998 मध्ये खोरं संरक्षित क्षेत्र झालं. 2005 मध्ये पेट्रा आणि वादी रमच्या बेदुइनांची संस्कृती युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून गौरवली. 2011 मध्ये सुमारे 74,000 हेक्टरचा हा प्रदेश निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारसा ठरला. पण 2015 च्या 'द मार्शियन' या चित्रपटात रम मंगळ झाल्यापासून पारदर्शक घुमटांच्या खोल्यांची छावणी हेच अनेकांना त्याचं रूप वाटू लागलं. घुमटाला पडदा नाही, पलीकडची चूल नाही, विणलेला पट्टा नाही. केसांचे तंबू विणणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत, कारण शेळ्याच कमी झाल्या. पाण्याचंही तेच. वादी रमलगतच्या दिसी भागाखाली हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं पाणी साठलेलं आहे. 2013 पासून 325 किलोमीटरच्या नळातून ते वर्षाला सुमारे 10 कोटी घनमीटर या प्रमाणात अम्मानला जातं. राजधानीची तहान खरी आहे. पण हा साठा पावसाने पुन्हा भरणारा नाही.

दगडांवरच्या लेखांचं नुकसान सर्वांत उघड. जुन्या नावांवर नवी नावं खरवडली जातात, चित्रं नीट दिसावीत म्हणून कुणी ती खडूने गिरवतं. 2010 च्या दशकात अभ्यासकांनी संरक्षित क्षेत्रातल्या स्थानिक रक्षकांना हाताशी धरून या लेखांची आणि चित्रांची नोंद सुरू केली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये छायाचित्र, जागेचे अक्षांश-रेखांश आणि दगडाची अवस्था टिपायची, म्हणजे पुढच्या फेरीत नवी खरवड ओळखता येते. हे रक्षक आसपासच्या बेदुइन घरांतलेच. कड्यांच्या कपारींत लपलेले लेख त्यांना लहानपणी शेळ्यांमागे हिंडताना भेटले होते, आणि विद्यापीठातून आलेल्यांना तिथवर न्यायला वाटाड्या त्यांच्यातलाच लागतो.